येणारं पाणी, जाणारं पाणी

सिंकखालचं कपाट म्हणजे बहुतेक घरांत कचऱ्याचा डबा, फिनाईलची बाटली, जुनी फडकी आणि कधीतरी उपयोगी पडतील म्हणून ठेवलेल्या बरण्या यांची जागा. या सगळ्याच्या मागे, भिंतीला लागून, घरातल्या नळकामाचा सगळ्यात जास्त राबणारा भाग असतो. तेलकट, गरम, खरकटं, साबणाचं पाणी दिवसातून कितीदा तरी त्यातून जातं. ते कपाट एकदा रिकामं करावं, आत टॉर्च मारावा आणि कुठला पाईप कुठून येतो नि कुठे जातो हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने स्वतः बघावं, असं माझं ठाम मत आहे. त्याला अर्धा तास पुरतो.

आत दोन व्यवस्था दिसतात. एक भिंतीतून निघून वर नळाकडे जाते. ती बारीक, धातूची आणि घट्ट आवळलेली असते. दुसरी सिंकच्या बुडातून खाली उतरते. ती जाड, बहुधा प्लास्टिकची आणि हाताने फिरवता येईल इतपतच आवळलेली असते. येणारं पाणी दाबाने येतं आणि जाणारं पाणी नुसत्या उताराने जातं. हा एक फरक डोक्यात पक्का बसला की सिंकचे जवळपास सगळे बिघाड उलगडतात. दाबाच्या बाजूला दोष असेल तर नळ बंद असतानाही, रात्रंदिवस, पाणी नको तिथून बाहेर येत राहतं. उताराच्या बाजूला दोष असेल तर गळती फक्त सिंक वापरताना होते, नाहीतर पाणी तुंबतं, नाहीतर वास येतो.

म्हणून कपाटात ओल दिसली की पान्हा हातात घेण्याआधी एक करावं. रात्री भांडी आवरल्यावर आतलं सगळं कोरडं पुसून काढावं आणि खाली वर्तमानपत्र अंथरावं. सकाळी नळ उघडण्याआधी कागद ओला झालेला असेल तर दोष येणाऱ्या पाण्याचा. कागद कोरडा असेल आणि नाश्त्याची भांडी घासल्यावर ओला झाला, तर बहुधा जाणाऱ्या पाण्याचा. प्लंबर येण्याआधी एवढं माहीत असलं तरी त्याचा वेळ आणि आपले पैसे, दोन्ही वाचतात.

घरात हे बिघाड सगळ्यात आधी कळतात ते भांडी घासणाऱ्या माणसाला. कामाला येणाऱ्या मावशींना पाणी हळू उतरतंय हे आठवडाभर आधी ठाऊक असतं, गरम पाणी ओतलं की कुठून गुडगुड येते हेही ठाऊक असतं. प्लंबर आला की मात्र त्याच्याशी बोलतं भलतंच कुणीतरी. ज्याचे हात रोज त्या पाण्यात असतात त्याला पुढे बोलावून विचारलं पाहिजे. ही सौजन्याची बाब आहेच, पण दोष सापडण्याचा तो सगळ्यात जवळचा रस्ताही आहे.

दाबाची बाजू

या बाजूला सांगण्यासारखं थोडंच आहे. भिंतीतून आलेल्या अर्ध्या इंची पाईपच्या तोंडाशी छोटा कॉक असतो, तो अँगल कॉक. त्यापासून नळापर्यंत स्टीलच्या तारांचं वेष्टण असलेला लवचीक पाईप जातो, त्याला दुकानात कनेक्शन पाईप म्हणतात. नळ भिंतीतूनच निघाला असेल तर हे दोन्ही नसतात आणि पाणी तोडायला घराचा मेन कॉकच गाठावा लागतो. तो कुठे आहे हेही सगळ्यांना माहीत हवं.

अँगल कॉक वर्षानुवर्षं कुणी फिरवत नाही. त्यामुळे तो जाम होतो, आणि ज्या दिवशी कनेक्शन पाईप फुटतो त्या दिवशी हलत नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा तो पूर्ण बंद करून पुन्हा पूर्ण उघडावा, बस. जाम झालाच असेल तर पक्कड लावून जोर करू नये. भिंतीतला जोड पिळवटला तर टाइल फोडायची वेळ येते. मेन बंद करून कॉक बदलून घेणं स्वस्त पडतं.

टेफ्लॉन टेपबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. कनेक्शन पाईपच्या नटात रबरी वॉशर असतो आणि पाणी तोच अडवतो, आटे नुसते त्याला दाबून धरतात. तिथून गळत असेल तर टेप गुंडाळून काही साधत नाही, वॉशर बदलावा लागतो. अँगल कॉक भिंतीतल्या पाईपात बसतो तिथे वॉशर नसतो, पाणी आट्यांतच अडवायचं असतं, आणि तिथे टेप हवीच. ती कॉक पिळायच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर कॉक बसवताना सुटून तिचा गोळा होतो.

थेंबाथेंबाने गळणाऱ्या नळाचं गणित घरच्या घरी करता येतं. सेकंदाला एक थेंब म्हटलं तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात. एका मिलिलिटरमध्ये २० थेंब धरले तरी ते ४ लिटरच्या वर जातात, आणि नळाचा थेंब त्याहून मोठा असतो. नळाखाली रात्रभर पातेलं ठेवलं की खरा आकडा सकाळी समोर असतो.

नळाची धार बारीक झाली, पण बाकीच्या घरात पाणी जोरात येतंय, अशा वेळी नळाच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी उघडून बघावी. टाकीतली वाळू, गंजाचे कण आणि क्षारांचा पांढरा थर तिथे अडकतो. वाळू झटकून निघते. थर मात्र साध्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवला की विरघळतो, कारण तो कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि सौम्य आम्लातही टिकत नाही.

उताराची बाजू

सिंकच्या बुडाशी जाळी, तिच्याखाली वेस्ट कपलिंग, त्याखाली ट्रॅप आणि पुढे वेस्ट पाईप, अशी ही साखळी. यातला ट्रॅप नीट समजून घेतला पाहिजे, कारण निम्म्या तक्रारी तिथे सुरू होतात आणि उरलेल्या बऱ्याचशा तिथेच कळतात.

ट्रॅपमध्ये थोडं पाणी मुद्दाम अडवलेलं असतं, साधारण दोन इंच खोलीचं. वरून आलेलं पाणी त्याला ढकलून पुढे जातं आणि मागे तेवढंच ताजं पाणी उरतं. गटारातली हवा आणि झुरळं या पाण्यापाशी थांबतात. हलणारा भाग नाही, स्प्रिंग नाही, झडप नाही. अलेक्झांडर कमिंग नावाच्या, लंडनमध्ये घड्याळं बनवणाऱ्या स्कॉटिश कारागिराने १७७५ मध्ये शौचकूपाचं पेटंट घेतलं, त्यात खालच्या नळीला 'एस' अक्षराचा बाक दिलेला होता. सिंकखालचा बाटलीच्या आकाराचा बॉटल ट्रॅप तेच काम कमी जागेत करतो.

आपल्या जुन्या घरांत याची गरज पडत नव्हती. कोकणातल्या किंवा देशावरच्या घरात मोरीत नाहीतर मागच्या दारी बसून राखेने आणि नारळाच्या शेंडीने भांडी घासली जात. पाणी भिंतीतल्या भोकातून थेट परसात, केळीच्या आणि अळूच्या मुळाशी जाई. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते तेलकटपणा सोडवतं आणि तुपा-तेलाच्या थोड्या भागाचा साबणच करून टाकतं. भोकाच्या पलीकडे गटार नव्हतं, उघडी जमीन होती. वास अडवायचा कुणापासून? फ्लॅटमध्ये आल्यावर बैठ्या मोरीचा उभा ओटा झाला, पाणी बंद पाईपात गेलं आणि तो पाईप वरच्या-खालच्या सगळ्या मजल्यांच्या पाण्याशी जोडला गेला. तिथून ट्रॅप अपरिहार्य झाला.

आपल्याकडे पुष्कळ इमारतींत सिंकचा पाईप सरळ उभ्या पाईपला न जोडता जमिनीतल्या नहाणी ट्रॅपमध्ये सोडतात. तिथून पाणी बाहेरच्या उभ्या पाईपात, मग तळाशी गल्ली ट्रॅपमध्ये, चेंबरमध्ये आणि शेवटी पालिकेच्या वाहिनीत जातं. अशा रचनेत वास अडवण्याचं खरं काम नहाणी ट्रॅप करतो. मे महिन्यात पंधरा-वीस दिवस गावाला जाऊन आल्यावर स्वयंपाकघरात घाण वास येतो त्याचं कारण बहुधा हेच. ट्रॅपमधलं पाणी उन्हाळ्याने उडून गेलेलं असतं आणि गटाराकडचं दार सताड उघडं पडलेलं असतं. दोन तांबे पाणी ओतलं की वास थांबतो. त्यासाठी फिनाईल ओतायची गरज नाही.

सिंकखाली बॉटल ट्रॅप आणि पुढे नहाणी ट्रॅप, असे दोन असले तर मधला जोड पूर्ण हवाबंद करू नये. दोन पाण्यांच्या मध्ये हवा कोंडली की पाणी अडखळत उतरतं आणि गुडगुड सुरू होते. नहाणी ट्रॅपच्या जाळीवर पाईप सोडला असेल तर जाळीतून हवा मिळते, तिथे अडचण येत नाही. पण तोंड नुसतं भोकात खुपसून भोवती मोकळी जागा ठेवली आणि खालचा ट्रॅप कोरडा असला तर झुरळांना वाट मिळते. रबरी कॉलर पाच मिनिटांत बसतो आणि किरकोळ पैशांत मिळतो. मात्र कॉलरने जोड हवाबंद होतो, म्हणून अशा वेळी पाणी धरायला एकच ट्रॅप ठेवावा आणि तो नीट सांभाळावा.

वेस्ट पाईपचा उतार मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर असला तरी पुरतो, पण तो सलग हवा. बाजारात सर्रास मिळणारा पांढरा, वळ्यावळ्यांचा लवचीक पाईप बसवायला सोपा, म्हणूनच प्लंबरचा लाडका. त्याच्या वळ्यांत तेल आणि भाताची शितं धरून बसतात आणि मध्ये झोल पडला की तिथे कायमचं डबकं होतं. जागा असेल तर आतून गुळगुळीत असा ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाईप एल्बो लावून बसवून घ्यावा. एकदाच थोडा जास्त खर्च होतो आणि पुढची कितीतरी वर्षं तुंबण्याची कटकट मिटते.

ट्रॅप उघडून बघणं हे प्रत्येकाला जमण्यासारखं काम आहे. खाली घमेलं ठेवावं. बॉटल ट्रॅपचा खालचा वाडगा दोन्ही हातांनी धरून फिरवावा. पान्हा लावायचा नाही, प्लास्टिकचे आटे त्याने जातात. वाडगा सुटला की घमेल्यात जे पडतं त्यावरून स्वयंपाकघराच्या सवयी वाचता येतात. चहाचा चोथा, मोहरी, कढीपत्त्याचे देठ, नारळाचा चव, तारेच्या घासणीचे तुकडे, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा करडा, बुळबुळीत गाळ. हा गाळ केवळ खरकट्याचा नसतो. भांडी घासायच्या बऱ्याच साबणवड्यांमध्ये भांडं घासलं जावं म्हणून बारीक दगडी भुकटी मिसळलेली असते. ती पाण्यात विरघळत नाही, वाहत जाऊन ट्रॅपच्या तळाशी बसते आणि तेलात मळली जाते. वडी ओल्या खळग्यात वितळत ठेवणाऱ्या घरांत हा गाळ लवकर साठतो. वाडगा धुऊन, रबरी रिंग जागच्या जागी बसली आहे ना हे बोटाने चाचपून, हातानेच आवळावा. मग सिंक अर्धं भरून एकदम सोडावं आणि जोडावरून कोरडा टिश्यू फिरवावा. डोळ्यांना न दिसणारी गळतीही कागदावर उमटते.

आता तेलाबद्दल. आपल्या स्वयंपाकातली सगळी स्निग्धं एकसारखी वागत नाहीत. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजतं. साजूक तूप आणि वनस्पती तूप त्याहून वरच्या तापमानालाच घट्ट होतात. गरम पाण्याबरोबर ते सिंकमधून निमूट जातात आणि थोडं पुढे, भिंतीतल्या थंड पाईपला जाऊन चिकटतात. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल थिजत नाही, म्हणून ते निर्धोक वाटतं. पण पाईपात तेलाचं विघटन होऊन मेदाम्लं सुटी होतात, ती पाण्यातल्या कॅल्शियमशी जुळतात आणि न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार होतो. वाळलेल्या साबणाच्या वडीसारखा तो टणक असतो. लंडनमधल्या व्हाइटचॅपल भागाखालच्या गटारात २०१७ मध्ये अशा थराचा २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा गोळा सापडला. त्याचा एक तुकडा पुढच्या वर्षी लंडनच्या संग्रहालयात लोकांना दाखवण्यासाठी ठेवला होता. आपल्या इमारतीत तो गोळा एवढा होत नाही, पण घडतो त्याच रीतीने.

आणि तो बऱ्याचदा आपल्या पाईपात नसतो. चौथ्या मजल्यावर ओतलेलं पुऱ्यांचं उरलेलं तेल उभ्या पाईपच्या तळाच्या वळणाशी जाऊन थिजतं, आणि भरलेलं पाणी पहिल्या मजल्याच्या सिंकमधून किंवा नहाणी ट्रॅपमधून वर येतं. ज्यांनी तेल ओतलं त्यांना त्याचा पत्ताही नसतो. आपला नळ बंद असताना आपल्या सिंकमध्ये पाणी चढत असेल तर आपला ट्रॅप शंभरदा उघडून उपयोग नाही, तो सोसायटीच्या सामाईक पाईपचा प्रश्न आहे आणि सोसायटीनेच तो साफ करून घ्यायला हवा. कढई घासायला टाकण्याआधी कागदाने पुसणं आणि तळणाचं तेल बाटलीत भरून वेगळं ठेवणं, ही शेजारधर्माची गोष्ट आहे. हॉटेलं आणि फरसाणवाल्यांचं वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल व्हावं यासाठी देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये योजना सुरू केली. घराघरातल्या वाटीभर तेलाची काळजी मात्र आपल्यालाच घ्यायची आहे.

तुंबलेल्या सिंकवर आधी प्लंजर चालवावा. त्याचा रबरी पेला पाण्यात बुडलेला हवा, आणि दोन भांड्यांचं सिंक असेल तर दुसऱ्या भांड्याची जाळी ओल्या फडक्याने दाबून धरायला हवी, नाहीतर सगळा जोर तिकडून निघून जातो. त्यानेही नाही झालं तर ट्रॅप उघडावा. त्यानंतर लवचीक स्प्रिंग पाईपात घालायची. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतण्याचा उपाय व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात, फेस येतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पाईपात सोडियम अ‍ॅसिटेटचं साधं द्रावण उरतं. त्याने थिजलेलं तूप हलत नाही. उकळतं पाणीही ओतू नये. पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि जोड ढिले होतात. हात भाजणार नाही इतपत गरम पाणी आणि भांड्यांचा द्रवसाबण यांनी ताजा थर निघतो.

बाजारातल्या ड्रेन साफ करायच्या पुड्यांत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. तो चरबीवर खरोखर काम करतो, पण पाण्यात पडताच प्रचंड तापतो. पूर्ण तुंबलेल्या, पाणी भरलेल्या सिंकमध्ये तो टाकला आणि तरीही पाणी उतरलं नाही, तर ट्रॅप उघडणाऱ्याच्या हातावर आणि डोळ्यांत तेच पाणी उडतं. अशी पूड टाकली असेल तर प्लंबरला पहिल्या वाक्यात सांगावं. टॉयलेटचं अ‍ॅसिड आणि ब्लीच एकामागोमाग एकाच पाईपात कधीही ओतू नये. त्यातून क्लोरिन वायू निघतो, आणि बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो.

यंत्र आल्यावर

भांडी धुण्याच्या यंत्राने या दोन व्यवस्थांत तिसरी भर घातली. ते पाणी दाबाने घेतं, पण बाहेर टाकताना उतारावर विसंबत नाही, पंपाने ढकलतं. त्यामुळे येणाऱ्या पाण्याचा दाब कमी असला तरी यंत्र अडतं आणि जाणाऱ्या पाण्याची वाट चुकीची असली तरी अडतं.

हे यंत्र कामाला लावण्याइतकं पक्कं केलं ते जोसेफिन कॉक्रन या अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या बाईंनी. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळालं. आधीच्या यंत्रांत ब्रशने भांडी घासायचा प्रयत्न होता. बाईंनी भांडी तारेच्या कप्प्यांत स्थिर ठेवली आणि त्यांच्यावर दाबाने गरम पाणी मारलं. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रं चालली आणि हॉटेलांनी ती विकत घेतली. घरांत मात्र ती फारशी गेली नाहीत, कारण तेव्हाच्या बहुतेक घरांत एवढं गरम पाणी एकावेळी मिळण्याची सोयच नव्हती. यंत्र तयार होतं, घरातली पाण्याची व्यवस्था तयार नव्हती. आपल्याकडे २०२० च्या टाळेबंदीत मावशी येऊ शकत नव्हत्या तेव्हा या यंत्रांची मागणी एकदम वाढली, आणि तेव्हाही घरोघरी अडलं ते यंत्रापाशी कमी, नळकामापाशी जास्त. आजचं यंत्र पाणी स्वतः तापवतं, त्याला थंड पाण्याचा एक नळ, एक ड्रेन आणि अर्थिंग असलेला १६ अँपिअरचा प्लग लागतो. प्रश्न असतो तो त्या नळाला किती जोर आहे याचा.

गच्चीवरच्या टाकीच्या पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. १० मीटर उंचीमागे साधारण १ बार. सात मजली इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या ओट्यापासून टाकीचा तळ जेमतेम ३ मीटर वर असतो, म्हणजे दाब ०.३ बारच्या आसपास. त्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर आणखी १८ मीटर उंची मिळते आणि दाब २ बारच्या वर जातो. पुष्कळ यंत्रांना किमान ०.५ बार लागतो. म्हणून एकच मॉडेल खालच्या शेजाऱ्याकडे सुरळीत चालतं आणि वरच्याकडे पाणी नसल्याची खूण दाखवून थांबतं. घेण्याआधी ज्या नळाला यंत्र जोडायचं तो पूर्ण उघडून १० लिटरची बादली भरून बघावी. मिनिटभरात भरली तर चिंता नाही. बरंच जास्त लागत असेल तर छोटा प्रेशर पंप लागेल, आणि त्याचा खर्च आधीच धरावा. यंत्र आधीपासून असेल आणि पाणी घेणं अलीकडेच मंदावलं असेल, तर जाणता प्लंबर म्हणतो, “वहिनी, पंपाचं नंतर बघू, आधी कॉक बंद करून पाईप सोडतो.” पाईप यंत्राला जिथे जुळतो तिथे एक बारीक जाळी असते. टँकरच्या पाण्याची वाळू आणि टाकीतला गाळ तिच्यात हमखास सापडतो.

बाहेर जाणाऱ्या पाईपची उंची ही आपल्याकडची सगळ्यात मोठी गफलत. यंत्र ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी ठेवतात आणि त्याचा पाईप जमिनीलगत नहाणी ट्रॅपमध्ये सोडून देतात. पाईपचं तोंड यंत्रातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली राहिलं की सायफन सुरू होतो. यंत्र पाणी भरतं, पाणी आपोआप निघून जातं, यंत्र पुन्हा भरतं. म्हणून पाईप आधी वर न्यायचा, ओट्याखालच्या बाजूला पट्टीने अडकवायचा आणि मग खाली उतरवायचा. तोंडाची उंची पुस्तिकेत दिलेली असते, सहसा जमिनीपासून ४० सेंटिमीटर ते १ मीटर. १ मीटरपेक्षा वर नेला तर पंपावर ताण येतो, जोड देऊन लांबवला तरी तेच.

ड्रेन सिंकच्या ट्रॅपला जोडणार असाल तर ट्रॅपच्या बाजूच्या तोटीत प्लास्टिकचा पडदा आहे का हे आधी बघा. कित्येक ट्रॅपमध्ये तो कारखान्यातूनच बंद येतो आणि फोडायचा राहून जातो. जोडणी बरोबर असूनही यंत्र पाणी टाकताना सिंकमध्ये मळकं पाणी वर येत असेल तर दोष यंत्राचा नाही. पंप झपाट्याने पाणी ढकलतो आणि अर्धवट भरलेला ट्रॅप ते तेवढ्या वेगाने पुढे जाऊ देत नाही. सिंकच्या बारीक धारेला तो अजून वाट देत होता, म्हणून कळलं नव्हतं.

यंत्राच्या तळाची जाळी आठवड्यातून एकदा तरी काढावी. खालचा कप्पा बाहेर घेतला की मधोमध गोल फिल्टर दिसतो, तो फिरवून उचलायचा, नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घासायचा आणि पुन्हा लॉक होईपर्यंत फिरवायचा. फिरत्या दांड्या काढून उजेडासमोर धरल्या की कुठल्या भोकात जिरं किंवा तांदळाची कणी बसली आहे ते दिसतं. टूथपिकने निघते. भांडी आधी विसळायची गरज नसते, ताट निपटून खरकटं कचऱ्यात टाकलं की पुरे. पावडरमध्ये प्रथिनं आणि स्टार्च तोडणारी एन्झाइम्स असतात, वरणाचा चिकटा आणि वाळलेला भात त्यांच्यावर सोडता येतो. अ‍ॅल्युमिनियमचा कुकर काळवंडतो, लोखंडी तव्यावरचा तेलाचा थर जातो, तांब्या-पितळेची झळाळी उतरते. ही भांडी हातानेच घासावीत.

शेवटचा मुद्दा पाण्याच्या जडपणाचा, आणि तो गावागणिक, किंबहुना इमारतीगणिक बदलतो. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा या जलाशयांचं किंवा पुण्याला खडकवासल्याचं येणारं पाणी मवाळ असतं. त्याच शहरांच्या कडेच्या सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, ते पाणी बहुधा जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. त्यामुळे 'पिण्यायोग्य' पाणीही यंत्राच्या हिशेबाने फार जड असू शकतं. यंत्राच्या पोटात पाणी मवाळ करणारे राळेचे मणी असतात. ते कॅल्शियम धरतात आणि सोडियम सोडतात, आणि भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा ताजे होतात. त्यासाठी यंत्राचंच जाडं मीठ घालायचं. स्वयंपाकाच्या आयोडीनयुक्त मिठात ते मोकळं राहावं म्हणून घातलेले पदार्थ असतात आणि ते आत साचतात. मीठ भरताना सांडलं तर लगेच एक फेरी चालवावी, नाहीतर खारं पाणी स्टीलला खातं. पाण्याचा जडपणा मोजायची पट्टी मिळते, तिच्यावरचा आकडा बघून यंत्रातली पातळी लावायची. फिटरने कारखान्यातली मूळ पातळी तशीच ठेवली असेल तर ती आपल्या पाण्याला लागू पडेलच असं नाही.

काचेचे पेले पांढुरके झाले तर एकाच पेल्यावर लिंबू चोळून बघावं. पेला चमकला तर तो क्षारांचा थर आहे, मीठ आणि पातळी तपासावी. नाही चमकला तर काच स्वतःच झिजली आहे. तसं मवाळ पाण्यात, जास्त पावडरमुळे आणि फार गरम फेऱ्यांमुळे होतं, आणि ती काच पूर्ववत होत नाही. दोन्ही दोष दिसायला सारखे, उपाय मात्र उलटे. पहिल्यात मीठ वाढवायचं, दुसऱ्यात पातळी आणि पावडर, दोन्ही कमी करायच्या.

बरेच दिवस घर बंद ठेवणार असाल तर निघताना यंत्राचा आणि सिंकचा अँगल कॉक बंद करावा, फिल्टर धुऊन ठेवावा, यंत्राचं दार किंचित उघडं ठेवावं, म्हणजे आत कुबट वास धरत नाही. नहाणी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतून वर चमचाभर तेल सोडावं. तेलाचा पातळ थर पाण्याला उडू देत नाही. परतल्यावर यंत्र लगेच लावू नये. कॉक उघडून सिंकचा नळ आधी बादलीत वाहू द्यावा. टाकीत बसलेला गाळ पहिल्या पाण्याबरोबर येतो, आणि तो यंत्राच्या जाळीत जाण्यापेक्षा बादलीत गेलेला बरा.